जुना कॅमेरा अजून चालतोय, मग बदलायचा कधी? ठरवायच्या आधीची तयारी

दसरा-दिवाळीच्या ऑफर लागल्या की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, दहा-बारा वर्षांचा डीएसएलआर आहे, नीट चालतोय, पण आता बदलू का? माझं उत्तर ठरलेलं असतं, दुकानात जायच्या आधी एक महिना थांब, खाली लिहिलंय तेवढं करून बघ, मग तुझं तुलाच कळेल. आणि हे सगळं कॅमेरा चालू आहे तोवरच करायचं, कारण बंद पडल्यावर घाईघाईत जे हाताला लागेल ते घेतलं जातं आणि बंद बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याला, सेकंडहँडमध्ये कोणी विचारत नाही. मी उदाहरण निकॉन डी७००० चं घेतोय, २०१० मध्ये आलेला कॅमेरा आहे, १६ मेगापिक्सेलचा, अजून कितीतरी जणांकडे आहे आणि माझ्याकडेही आहे. तुमच्याकडे कॅनन असेल तरी यादी जवळपास हीच.

तर सगळ्यात आधी वाया गेलेले फोटो गोळा करायला लागा. आपण काय करतो, घरी आलो की खराब फोटो डिलीट मारतो आणि चांगले ठेवतो, त्यामुळे कॅमेऱ्याने कुठे साथ सोडली त्याचा पुरावाच राहत नाही. एक महिना काहीही डिलीट करू नका, सगळे फसलेले फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येकाचं कारण एका शब्दात लिहा: अंधार, फोकस, वेग, पोच, नाहीतर सरळ "मी". पोच म्हणजे पक्षी लांब होता आणि लेन्स पुरली नाही. "मी" म्हणजे शटर स्पीड कमी ठेवला, हात हलला, उशिरा बटण दाबलं. हे प्रामाणिकपणे लिहिलं तरच पुढच्या सगळ्याला अर्थ आहे.

भिगवणचं उदाहरण घ्या. हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला पहाटे होडीत बसलात, सूर्य अजून वर आलेला नाही, रोहित पक्ष्यांचा थवा उठला. उडत्या पक्ष्याला १/१००० सेकंद तरी शटर स्पीड लागतो, ७०-३०० ची लेन्स ३०० ला एफ/५.६ च्या खाली जात नाही, त्याहून जास्त उघडत नाही, म्हणजे आयएसओ, कॅमेरा कमी उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, ३२०० वर जाणारच. आता घरी येऊन तो फोटो मोठा करून बघा. पक्षी शार्प आहे पण दाणे आलेत, तर कारण अंधार. पक्षी धूसर आणि मागचं पाणी शार्प, तर कारण फोकस. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय तर शटर कमी पडला, म्हणजे "मी". पहिले दहाएक फोटो छान आणि नेमका पंख पूर्ण उघडले तेव्हा कॅमेरा गप्प, तर बफर, म्हणजे कार्डावर जायच्या आधी फोटो थांबतात ती आतली मेमरी, भरला, डी७००० चा बफर दहाएक रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फोटोंमध्येच भरतो, त्याला "वेग" लिहा. एकाच सकाळचे चार फसलेले फोटो आणि चौघांची औषधं वेगळी, त्यातल्या सगळ्यांवर नवीन बॉडी हा उपाय नाहीच.

याच्या जोडीला जुने फोटोही कामाला लावा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर असतो, फोटो कुठल्या सेटिंगला काढला त्यावरून निवडायची सोय, त्यात गेल्या दोन-तीन वर्षांचे फोटो घेऊन बघा की किती फोटो आयएसओ ३२०० च्या वरचे आहेत आणि कुठल्या फोकल लेंथला, म्हणजे लेन्सच्या एमएममधल्या आकड्याला, सगळ्यात जास्त गर्दी आहे. बहुतेक पक्षीवाल्यांचे फोटो लेन्सच्या शेवटच्या टोकाला चिकटलेले निघतात, सगळे ३०० वर. असं निघालं तर पैसे बॉडीला घालू नका, लांबची लेन्स घ्या, ती लेन्स पुढच्या बॉडीवरही चालेल. आणि सगळे फोटो १८ ते ५० मध्ये, दिवसाउजेडी, आयएसओ ४०० च्या आत निघाले तर स्पष्ट सांगतो, तुम्हाला बदलायची गरज नाही, त्या पैशात दोन प्रवास करा.

आता अंधारवाल्या फोटोंना एक संधी द्या. जुन्या रॉ फाइल ठेवल्या असतील तर त्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. लाइटरूममध्ये २०२३ पासून दाणे घालवणारं एआयवालं डीनॉइज आलंय, डीएक्सओचं तसंच डीपप्राइम त्याच्याही आधीपासून आहे, आणि दहा वर्षांपूर्वी ज्या फाइलवर आपण फुली मारली होती ती आज प्रिंट काढण्याइतकी साफ होते, हे मी स्वतःच्या फाइलींवर बघितलंय आणि दरवेळी आनंद होतो. फक्त जेपीईजी काढत असाल तर हा मार्ग तुमच्यासाठी जवळपास बंद आहे, आजपासून रॉ सुरू करा.

फोकसवाल्या फोटोंची पण आधी तपासणी करायची. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर एखादं छापील पान किंवा डब्याचं लेबल ठेवा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो घ्या आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, आणि दोन-चारदा करून तसंच आलं, तर तुमचा कॅमेरा म्हातारा झालेला नाही, त्या लेन्सचं आणि बॉडीचं जुळत नाहीये. डी७००० मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, फोकस थोडा पुढे-मागे सरकवून जुळवायची सोय, उणे २० ते अधिक २० पर्यंत, तो बसवला की कित्येकांना नवीन लेन्स घेतल्यासारखं वाटतं. सगळ्या मॉडेलमध्ये ही सोय नसते, तेव्हा लेन्स आणि बॉडी दोन्ही सर्व्हिसला द्यावी लागते. हे सगळं करूनही पहाटेच्या उजेडात फोकस शोधतच राहत असेल तर मात्र ती बॉडीची मर्यादा. डी७००० चा फोकस कंपनीच्या आकड्यांप्रमाणे उणे १ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, एक आकडा खाली म्हणजे उजेड निम्मा) चालतो, २०१७ च्या डी७५०० चा उणे ३ पर्यंत, म्हणजे चौथ्या भागाइतक्या उजेडातही तो फोकस पकडतो. आणि कॅनन आर७ सारखे मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा नसलेले कॅमेरे, तर पक्ष्याचा डोळा शोधून त्याला धरून ठेवतात. उडत्या पक्ष्यांचे फोटो हाच तुमचा जीव की प्राण असेल तर हा फरक खरा आहे, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही, कारण फोकस चुकलेला फोटो गेलाच.

मग मशीनची तब्येत. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, काढा, निकॉनच्या मूळ जेपीईजीतच तो आकडा असतो, एक्झिफटूल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने दिसतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये फोटोत तो येत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं नाहीतर सर्व्हिस सेंटर सांगतं. डी७००० चं शटर दीड लाखाला टेस्ट केलेलं आहे, कॅनन ८०डी चं एक लाखाला. हा आकडा म्हणजे एक्सपायरी डेट नव्हे, त्याच्या पुढे आरामात चालणारे कॅमेरे आहेत आणि त्याच्या आतच मेलेलेही आहेत, पण दीड लाखाच्या जवळ आला असाल तर शटर बदलायचा खर्च हिशेबात धरा.

शटर खरंच थकलंय का ते घरी बघता येतं. दुपारच्या उन्हात एखादी पांढरी भिंत घ्या, १/२५० पासून १/८००० पर्यंत एकेक फोटो काढा, प्रत्येक वेळी एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, सारखं राहील असं आयएसओ आणि अॅपर्चर बदला, आणि मग स्क्रीनवर एकाखाली एक लावून बघा. वरच्या किंवा खालच्या कडेला काळपट पट्टा दिसला, किंवा १/८००० चा फोटो अर्धा उजळ अर्धा गडद आला तर शटरचे पडदे मागेपुढे होतायत. ही टेस्ट ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली अजिबात करू नका, त्या दिव्यांच्या लुकलुकण्यानेच फोटोत पट्टे येतात आणि चांगला कॅमेरा विनाकारण बदनाम होतो. जाता जाता एफ/१६ ला निरभ्र आकाशाचा एक आउट ऑफ फोकस फोटो घ्या, काळे ठिपके दिसतील ती सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, त्यासाठी कोणी कॅमेरा बदलत नाही.

बॅटरीचं तर मेन्यूतच लिहिलेलं असतं. डी७००० मध्ये बॅटरी इन्फोत वय दिसतं, ० म्हणजे नवी आणि ४ म्हणजे संपली, बदला. कॅननच्या एलपी-ई६ वाल्या बॉडीत तीन हिरव्या खुणा असतात, एकच लाल राहिली की तिचे दिवस भरले. कितीतरी जण "कॅमेरा आता लवकर बंद पडतो" म्हणून नवीन बघायला लागतात आणि आत ४ नंबरची बॅटरी असते. तसंच तारीख-वेळ पुसली गेली म्हणून घाबरू नका, आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी मुख्य बॅटरीवरच चार्ज होते, कॅमेरा बरेच महिने रिकामा पडून असेल तर ती उतरते, चार्ज केलेली बॅटरी दोन दिवस आत राहू द्या आणि मग बघा. ग्रिपचं रबर सुटलंय, अंगठ्याखालचा तुकडा फुगून कडेने वर आलाय, हा घामाचा परिणाम आणि किरकोळ काम. डायल एक क्लिक फिरवल्यावर तीन पावलं उडी मारतोय, शटर बटण अर्धं दाबल्यावर फोकस लागतच नाही, कार्ड टाकल्यावर कधी ओळखतं कधी नाही, या गोष्टी मात्र टिपून ठेवा, त्या वाढत जातात.

टिपण झालं की ते घेऊन सर्व्हिसवाल्याकडे जा आणि त्याला दोन प्रश्न विचारा, याला खर्च किती आणि याचे पार्ट अजून येतात का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मॉडेल बंद झाल्यावर कंपनी काही वर्षं पार्ट ठेवते, नंतर दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून काढलेल्या पार्टवर काम चालतं. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात फेरी मारलीत तर दुरुस्ती आणि सेकंडहँडचा भाव दोन्हीचा अंदाज एकाच दुपारी येतो. माझा स्वतःचा नियम साधा आहे, दुरुस्ती त्याच मॉडेलच्या सेकंडहँड भावाच्या निम्म्याच्या आत असेल तर करायची, वर गेली तर नाही, आणि पार्टच मिळत नसेल तर तो कॅमेरा चालू असला तरी महत्त्वाच्या कामावर एकटा न्यायचा नाही.

लेन्सकडे टॉर्च मारून बघायला विसरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणात, बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि फोटोतला कॉन्ट्रास्ट गेला की दोष सेन्सरवर जातो. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल.

एवढ्यानंतर बदलायचंच ठरलं तर नुसत्या बॉडीच्या किमतीवर जाऊ नका, बाकीचा कागद मांडा. निकॉनच्या डीएसएलआरवरून त्यांच्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर गेलात तर जुन्या लेन्स लावायला एफटीझेड अडॅप्टर लागेल, आणि ५० एमएम एफ/१.८डी सारख्या जुन्या लेन्स, ज्यांचा फोकस बॉडीतल्या मोटरवर चालतो, त्या अडॅप्टरवर लागतात पण ऑटोफोकस करत नाहीत. अशा दोन-तीन लेन्स असतील तर त्यांची किंमतही या बदलात धरा. कॅननवाल्यांचं इथे बरं आहे, डीएसएलआरच्या ईएफ लेन्स त्यांच्या अडॅप्टरवर आरएफ या मिररलेस बॉडीला छान चालतात. फाइलचाही विचार करा, १६ मेगापिक्सेलवरून ४५ वर गेलात की एकेक रॉ ५० एमबीच्या आसपास जाते, हार्ड डिस्क दुप्पट-तिप्पट लागते आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप रडायला लागतो. व्हिडिओ हे तुमचं कारण असेल तर ते कारण पक्कं आहे, डी७००० फुल एचडीत सेकंदाला २४ फ्रेमवर आणि एका वेळी २० मिनिटांवर थांबतो, लग्नाची किंवा नाटकाची कामं घेणाऱ्याला ते पुरत नाही.

आणि मनात असलेली बॉडी आधी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारसाठी मिळते. त्याच जागी, त्याच वेळी, स्वतःच्याच लेन्स लावून जा आणि मग आपलं ते वाया गेलेल्या फोटोंचं फोल्डर शेजारी उघडून बघा की यातले किती वाचले असते. निम्म्याहून जास्त वाचत असतील तर घ्या, अजिबात मागे-पुढे बघू नका, हौसेला मोल नसतं हे खरंच आहे. चार-दोनच वाचत असतील तर वर्षभर थांबा आणि कशामुळे परत हा विषय काढायचा ते आत्ताच लिहून ठेवा: पार्ट मिळेनासे झाले, शटरने त्रास सुरू केला, पैसे घेऊन करायचं काम आलं.

घ्यायचा ठरला तर वेळ जुळवून घ्या. वारी, गणपती, घरातलं लग्न, हिमालयातली ट्रिप, याच्या निदान महिना-दीड महिना आधी, कारण बोटांना नवीन बटणं पाठ व्हायला तेवढा वेळ लागतोच. भारतातली वॉरंटी आहे का ते बिलावर बघा, परदेशातून आलेला माल स्वस्त पडतो पण इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत घेईलच असं नाही. स्टुडिओचा जीएसटी नंबर असेल तर बिल त्या नावावर करा.

जुनी बॉडी विकणार असाल तर नवी हातात रुळल्यावर, पण लवकर विका, भाव थांबत नाही. शटर काउंटचा स्क्रीनशॉट, मूळ चार्जर, बॉक्स, बिल सोबत ठेवा, कार्ड काढून घ्या, कॅमेऱ्यात कॉपीराइटमध्ये टाकलेलं स्वतःचं नाव पुसा, आणि जो दोष माहिती आहे तो घेणाऱ्याला तोंडावर सांगा. ठेवणार असाल तर बॅकअप म्हणून चालू ठेवा, महिन्यातून एकदा काढून पन्नासेक फोटो मारा, बॅटरी चार्ज करा, परत ड्राय कॅबिनेटमध्ये. किंवा घरातल्या एखाद्या भाचीला-पुतण्याला ५० एमएम लावून देऊन टाका, शिकायला डी७००० इतका चांगला कॅमेरा आजही कमीच मिळेल.