घरात कागद नाहीत आणि कॉलेज करायचंय: आधी प्रवेश, मग दाखला, मग पैसे

आईबाप फडावर, शाळेचा दाखला एका गावचा, रेशनकार्ड दुसऱ्या गावचं आणि जातीचा दाखला घरात कुणाकडेच नाही. जत-आटपाडी-माणकडून ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा साताऱ्या-सांगलीच्या कडेला पालावर वाढलेल्या मुलांचं बारावीनंतर इथंच अडतं. बहुतेक घरं आधी जातीच्या दाखल्यामागे धावतात, आणि तो हातात येईपर्यंत प्रवेशाची मुदत गेलेली असते.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर शाळा सोडल्याचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, आधार आणि फोटो यांवर काम होतं. जातीचा दाखला नसेल तर खुल्या जागेवर प्रवेश घ्या. दाखला नंतर आला की शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो. प्रवेश घेताना एक प्रश्न न लाजता विचारा: ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर बी.एस्सी. अनुदानित असते आणि शेजारचा बी.सी.ए.चा वर्ग विनाअनुदानित. दोन्हींच्या फीत कितीतरी पट फरक पडतो.

इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग यांचं गणित वेगळं. तिथं प्रवेश केंद्रीय फेरीतून होतो आणि राखीव जागेसाठी जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. कागद नसला की नाव खुल्या यादीत जातं. काही वर्षी पडताळणीच्या पावतीवर मुदत दिली जाते, पण त्या भरवशावर राहू नका. अकरावीतच कामाला लागा, आणि पडताळणीच्या अर्जासाठी कॉलेजचं पत्र बारावीत असतानाच घ्या.

आता दाखला. हे काम सेतूच्या खिडकीवर सुरू होत नाही, आजोबांच्या शाळेत सुरू होतं. जातीच्या दाखल्याला ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला वडील, आजोबा किंवा पणजोबा जिथं राहत होते, तिथल्याच प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. १९६१ साली आजोबा पंढरपूर तालुक्यात असतील, तर आज मिरजेत तीस वर्षं राहूनही दाखला मिरजेचे प्रांत देणार नाहीत. मिरजेत भरलेला अर्ज महिनाभर पडून राहतो आणि मग 'कार्यक्षेत्राबाहेर' असा शेरा मारून परत येतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडे जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज द्या. आजोबांचं नाव सापडलं नाही तर त्यांच्या सख्ख्या भावांची, चुलत्यांची नावं शोधा. वडिलांकडचं रक्ताचं नातं चालतं, आईकडचं नाही. शाळेत काहीच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. जन्ममृत्यूच्या त्या जुन्या नोंदींत जातीचा रकाना असतो. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

आपल्या भागात एक खास अडचण येते. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि त्याचं नाव सांगली झालं ते १९६० साली. त्यामुळं तासगावच्या जुन्या उताऱ्यावर जिल्हा 'सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' लिहिलेला सापडतो, तर आटपाडीच्या उताऱ्यावर 'औंध संस्थान'. नवखा कारकून जिल्हा जुळत नाही म्हणून त्रुटी काढतो. अर्जासोबतच एका ओळीचा खुलासा जोडा: गाव तेच, जिल्ह्याचं नाव बदललं. एक फेरी वाचते.

दुसरी त्रुटी नावाची. आजोबा उताऱ्यात 'खाशाबा', वडिलांच्या दाखल्यावर 'खासाबा' आणि आधारवर तिसरंच काही. किंवा जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' किंवा 'हिंदू गोसावी', आणि मागणी नाथ गोसावीची. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत हे स्पष्ट लिहा. मुलाच्या स्वतःच्या दाखल्यातली चूक मात्र तो शाळेत असतानाच दुरुस्त करा. शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचा प्रस्ताव जातो आणि त्याला महिने लागतात. प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प आणा असं कुणी सांगितलं तर आणू नका. जात, उत्पन्न, अधिवासाच्या कामाला तो माफ आहे.

कुटुंबात कुणीच शाळेत गेलेलं नसेल, तर अर्जातच स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा. सोबत ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, जुनी मतदार यादी आणि भावकीत कुणाला पडताळणी मिळाली असेल तर त्याची प्रत लावा. यातलं हे शेवटचं सगळ्यात वजनदार. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एक वैधता प्रमाणपत्र असलं की पुढच्यांचं काम निम्म्यानं हलकं होतं. म्हणून लग्नकार्यात, जत्रेत भावकी भेटली की आधी हे विचारा. प्रत्येक अर्जाची पावती घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं कामाला मुदत आहे आणि ती उलटली की अपील करता येतं, पण पावतीशिवाय अपील होत नाही.

पैशाची बहुतेक दारं महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-अर्जाच्या संकेतस्थळावरूनच उघडतात. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ऊसतोड घरांनी उत्पन्नाचा दाखला काढताना उचल (हंगामाआधी मिळालेली आगाऊ रक्कम) आणि मजुरी दोन्ही मांडू नयेत. उचल मजुरीतूनच वळती होते, म्हणजे तोच पैसा दोनदा मोजला जातो आणि आकडा विनाकारण फुगतो.

राहण्यासाठी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीला स्वाधार आणि इतर मागास, विमुक्त-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये: जेवणाचे २५,०००, खोलीचे १२,०००, निर्वाहाचे ६,०००. रक्कम उशिरा येते, त्यामुळं जूनची खोली आणि खानावळ यातून भागत नाही. ते पहिले महिने काढायला कमवा आणि शिका योजना बरी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात हे नवं सांगायला नको. पण जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच नाव द्या.

अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँकेत असतं. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि थेट लाभासाठी 'सीडिंग' असणं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे त्याच खात्यात जातील अशी नोंद असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याचं असतं, आणि नव्या खात्याचं केलं की जुन्याचं सुटतं. मधेच दुसरं खातं उघडलं तर शिष्यवृत्ती तिकडं जाते किंवा अडकते. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक दिसते ते स्वतः बघा. कमी कागदांवर उघडलेलं छोटं खातं असेल तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. केवायसी पूर्ण करून घ्या.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. हा पैसा फीचा आहे हे घरी आधीच सांगून ठेवा, आणि भरल्याची पावती पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणासाठी फाइलला लावा.