टेबलावरची बार्शी लाइट

आमचं आजोळ कुर्डुवाडीचं, त्यामुळे रेल्वेचं छोटं मॉडेल करायचं तर बार्शी लाइट या तिथल्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचंच, हे ठरलेलं. पण मिरज ते लातूर सगळं मांडायला जाऊ नका. एकच स्टेशन घ्या, एकच साल घ्या. मी पंढरपूर घेतलं; तिथे गाडी 1906 साली पोचली.

मूळ रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर. मॉडेलचं प्रमाण 1:87, म्हणजे सगळं खऱ्याच्या 87 पट लहान; म्हणून 762 ला 87 ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. म्हणून बाजारात मिळणारा 9 मिलिमीटरचा एन गेज रूळ चालतो. माणसं, घरं मात्र 1:87 चीच घ्या.

चार बाय दोन फुटांचा, 12 मिलिमीटरचा प्लाय पुरतो. वळणाची त्रिज्या नऊ इंच ठेवा. रूळ नुसते टाचणीने अडकवून आठवडाभर गाडी फिरवा, मगच चिकटवा. खडीसाठी वाळू चहाच्या गाळणीने चाळा, वर पाणी घातलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. सांध्यापाशी, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, हात आखडता. माझा एक सांधा असा चिकटला की ब्लेडने खरवडून काढावा लागला.

बाभळींना वाळलेल्या घोसाळ्याची जाळी झकास. वारकरी मात्र हातानेच रंगवा, पताका पातळ कागदाच्या.