हाफ-डेमध्ये तीन कामं बसवायची कशी: ठाण्यातल्या नोकरदारांसाठी

दातांच्या डॉक्टरांनी सव्वासातची वेळ दिलेली असते. घरात सगळे धरून चालतात की साडेसातला मोकळं होऊ. वेळ हुकते ती तपासणीच्या दहा-पंधरा मिनिटांमुळे नाही. लोकल ते जिना, जिना ते रिक्षाची रांग, रांग ते दवाखान्यातला नंबर, अशा सांध्यांमध्ये ती निसटते. म्हणून कुठलीही वेळ घेताना मागून मोजत यायचं.

सीएसएमटीजवळचं ऑफिस 6 ला सुटलं तर फलाटावर पोचायला सव्वासहा होतात. फास्ट लोकलला ठाण्यापर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, स्लोला जवळपास तास. म्हणजे ठाण्यात सात. पूल चढून, सॅटिसखालून (स्टेशनबाहेरच्या उन्नत मार्गाखालून) बाहेर यायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. यानंतर नौपाड्यात किंवा राम मारुती रोडवर चालत जायचं असेल तर साडेसात जमतं. मानपाडा किंवा कासारवडवली गाठायची असेल तर घोडबंदर रोडच्या गर्दीत अर्धा तास गृहीत धरा, तास लागला तरी नवल नाही. तिथल्या दवाखान्याची वेळ सव्वाआठच्या आधीची घेऊच नका. सात-सव्वासातला हो म्हणायचं आणि दर वेळी धापा टाकत आठला पोचायचं, यात पेशंटचे हाल होतात आणि पुढच्यांचाही खोळंबा होतो.

यातून एक निर्णय सोपा होतो. मुलांचे डॉक्टर घराजवळचेच असावेत, कारण ताप रात्री दहाला चढतो. पण दात, डोळे, त्वचा अशी आधी ठरवून करायची कामं स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे ठेवा, म्हणजे घरी जाताना वाटेत होतात. ऐरोली, रबाळे, घणसोलीत नोकरी असणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यात 9 किंवा 10 नंबरला लागते, म्हणजे पूर्वेच्या अंगाला. गर्दीच्या वेळी सगळे फलाट ओलांडून पश्चिमेला येण्यापेक्षा कोपरीतला दवाखाना सोयीचा पडतो.

फोनवर वेळ घेताना तीन गोष्टी विचारून घ्या. डॉक्टर प्रत्यक्ष किती वाजता बसतात? नंबर फोनवर लागतो की आल्यावर? आणि आठवड्यातून सुट्टी कधी? सकाळी पहिला नंबर मिळाला तर घ्यावा. संध्याकाळचा पहिला नंबर मात्र फसवा असू शकतो, कारण डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलचा राउंड आटोपून येत असतील तर पहिले एक-दोन पेशंट नुसते बसून राहतात. संध्याकाळी तिसरा-चौथा नंबर बरा.

रक्ततपासणीचं गणित

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फास्टिंग शुगरसाठी किमान 8 तास पोट रिकामं हवं, लिपिड प्रोफाइलसाठी, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीसाठी, लॅब साधारण 9 ते 12 तास सांगते. साधं पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. सकाळी 7 ला रक्त द्यायचं असेल तर आदल्या रात्री जेवण 9 च्या आत उरका आणि झोपताना दूधही नको. एचबीए1सीला उपाशी राहावं लागत नाही. साधारण तीन महिन्यांची शुगरची सरासरी त्यात कळते, त्यामुळे ती एकटीच करायची असेल तर कुठल्याही वेळी देता येते, संध्याकाळी ऑफिसवरून येतानाही. निव्वळ एचबीए1सीसाठी सकाळ वाया घालवू नका.

खरी अडचण पीपीची, म्हणजे जेवणानंतरच्या शुगरची. तिचे दोन तास पहिला घास घेतल्यापासून मोजायचे, खाऊन संपल्यापासून नाही. 7 ला फास्टिंगचं रक्त दिलं आणि 7:20 ला पोहे खायला बसलात, तर दुसरं रक्त 9:20 ला. पण ऑफिसला जाणारा माणूस तेव्हा लोकलमध्ये असतो. मग तो 8 लाच रक्त देऊन मोकळा होतो, आणि आकडा वाढलेला दिसला की घरात सगळे घाबरतात. खाल्ल्यावर पाऊण तासाने शुगर चढलेलीच असणार. अर्धवट वेळेला रक्त देण्यापेक्षा पीपी त्या दिवशी करूच नका, नाहीतर ती हाफ-डेच्या दिवशी ठेवा. फास्टिंग ठाण्यात आणि पीपी ऑफिसजवळच्या वेगळ्या लॅबमध्ये, असंही टाळा. दोन मशिन, दोन रिपोर्ट, आणि डॉक्टरांसमोर तुलना करायची पंचाईत. एकाच लॅबची शाखा ऑफिसजवळ असेल तर नोंदणी करतानाच सांगा की दुसरा नमुना तिकडे देणार.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर टीएसएचचं, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीचं, रक्त देऊन झाल्यावर त्या सकाळची गोळी घ्या, आणि नंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नको. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन दिवस आधीपासून बंद ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. घरातल्या मधुमेही आई-बाबांचं रक्त फास्टिंगला न्यायचं असेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी देऊ नका. ते नाश्त्याबरोबर. पिशवीत डबा आणि दोन चमचे साखर ठेवा. त्यांच्यासाठी घरी येऊन रक्त नेणारा माणूस बोलवणं केव्हाही चांगलं, फक्त त्याला 6:30 ते 7 ची वेळ द्या आणि लिफ्ट, सोसायटीचं गेट, विंग हे आदल्या रात्री मेसेज करून ठेवा.

सोनोग्राफी पोटाची असेल तर साधारण सहा तास उपाशी. खालच्या पोटाची असेल तर उलट लघवी तुंबलेली हवी, म्हणजे तासभर आधी सुमारे लिटरभर पाणी पिऊन थांबायचं. घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकून हे करणं म्हणजे शिक्षाच. सेंटरवर पोचा, नंबर कितवा ते बघा, मग पाणी प्या.

मुलांचं लसीकरण

इंजेक्शननंतर ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. म्हणून पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) किंवा बूस्टरच्या वेळी शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ घ्या, रविवारी कोणीतरी घरी असतं. गोवर-रुबेला लसीला ही युक्ती लागू पडत नाही. तिचा ताप आठवड्याने, साधारण 7 ते 12 दिवसांनी येऊ शकतो. त्या दिवसांत गावाला जाण्याचा किंवा ऑफिसच्या टूरचा बेत नको, आणि पाळणाघरात ही तारीख आधीच सांगून ठेवा. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं असतं, तो वेळ गणतीत धरा. आणि एखादा डोस ऑफिसच्या धावपळीत पुढे गेला तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे चालू करतात. उशीर झाला म्हणून लाजून दवाखाना टाळणारे आईबाप असतात. तसं करू नका, कार्ड घेऊन जा.

दात आणि डोळे

दाताला भूल दिली की ओठ-गाल दोन-तीन तास बधिर राहतात. ती उतरेपर्यंत खाऊ नये, आणि लहान मूल असेल तर ते ओठ चावत नाही ना इकडे लक्ष हवं. म्हणून मुलांचे दात सकाळी. मोठ्यांचं रूट कॅनल शुक्रवारी-शनिवारी सुरू करू नका. कळ आली तर रविवारी दवाखाना बंद असतो. सोमवार ते बुधवार उत्तम. कॅप बसवायची असेल तर माप घेणं आणि बसवणं यांत बहुधा आठवडाभर जातो. दोन्ही तारखा एकाच वेळी घेऊनच बाहेर पडा.

डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सोसत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचाच, पण त्या दिवशी तपासणीनंतर ऑफिस नाही आणि स्कूटरही नाही. संध्याकाळची वेळ, काळा चष्मा, आणि येताना रिक्षा. चष्म्याचा नंबर काढायचा असेल तर शुगर आटोक्यात असताना काढा. साखर वरखाली होत असली की नंबरही बदलतो आणि नवा चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरतो.

बँक, आधार, पासपोर्ट

बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. राज्य सरकारच्या बहुतेक कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी तिथे जाऊन उपयोग नाही. त्यांची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. त्यामुळे शनिवार बँकेला आणि दवाखान्याला, सरकारी कामाला हाफ-डे, अशी वाटणी आपोआप होते.

मुलाच्या आधारचं बायोमेट्रिक 5 व्या आणि 15 व्या वर्षी नव्याने द्यावं लागतं. 5 ते 7 आणि 15 ते 17 या वयात ते मोफत असतं. पासपोर्ट काढायचा असेल तर हे आधी उरका. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. आत ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून जावं लागतं आणि मूल स्वतः हजर लागतं. चार वर्षांच्या आतलं असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो सोबत न्या. परिशिष्ट डी वर, म्हणजे पालकांच्या संमतीपत्रावर, आईवडील दोघांच्या सह्या घरीच करून ठेवल्या तर एकानेच रजा टाकली तरी भागतं. काम अडतं ते बहुतेक स्पेलिंगवर. जन्मदाखल्यात, आधारवर आणि आईवडिलांच्या पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते वेळ घेण्याच्या आधी ताडून बघा. आधार दुरुस्त व्हायच्या आधी पासपोर्टची तारीख घेतली तर ती फुकट जाते.

आई-बाबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, 80 च्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. केंद्र सरकारचं आणि इतर बरंच पेन्शन जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून होतं. लाइटच्या समोर बसवा, चष्मा काढा, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि खाते क्रमांक हाताशी ठेवा. रात्री जेवणानंतर होणारं काम आहे, त्यासाठी त्यांना बँकेच्या रांगेत उभं करू नका.

हाफ-डे कसा बांधायचा

2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा ज्या ऑफिसांना पूर्ण लागू आहे, तिथे वर्षाला 8 कॅज्युअल रजा मिळतात आणि त्या तिमाहीने जमा होतात. म्हणजे तीन महिन्यांना दोन. त्या वर्षअखेर बुडतात, पुढे जात नाहीत. दर तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात एक हाफ-डे कामांसाठी राखून ठेवा आणि दुसरी रजा अचानक येणाऱ्या तापासाठी सोडा. ऑफिसने हाफ-डे मान्य केला तर एका रजेत दोन सकाळी निघतात.

असा एक नमुना, घर पाचपाखाडीत धरून: 7 ला लॅब, 7:20 ला नाश्ता, 8 ला शाळेत शिक्षकांची भेट, 9:20 ला पीपी, 9:45 ला दात किंवा खालच्या पोटाची सोनोग्राफी (उपाशीपोटीची नाही), 11:30 ला स्टेशन. या वेळेला गाडीत उभं राहायला नीट जागा असते, कधी बसायलाही मिळते. एक वाजता टेबलावर. दोन कामांमध्ये वीस मिनिटं मोकळी सोडा आणि तिन्ही कामं स्टेशनच्या एकाच बाजूला ठेवा. पूर्व-पश्चिम करण्यात अर्धा तास जातो.

साहेबांना मेसेज असा पाठवा: «सर, गुरुवारी फर्स्ट हाफ रजा हवी आहे. आईच्या तपासण्या आहेत. दीड वाजेपर्यंत पोचते. महिन्याचा रिपोर्ट बुधवारी संध्याकाळीच देऊन ठेवते.» कारण एका ओळीत, परतायची वेळ नेमकी, आणि काम अडणार नाही याची खात्री. लांबलचक स्पष्टीकरण दिलं की उलट प्रश्न वाढतात.

रविवारी वाशी-नेरुळची वेळ घेण्याआधी मेगाब्लॉक बघा. मध्य रेल्वे तो एक-दोन दिवस आधी जाहीर करते, आणि तो साधारण 11 ते 4 च्या दरम्यान असतो. मुख्य मार्गावर स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवल्या की नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहारला बहुतेकदा थांबत नाहीत. साडेदहाच्या आत पोचता येईल अशीच वेळ घ्या, आणि परतीची बस कुठली ते आधी बघून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र असलेल्या दिवशी शहरापार काहीही ठरवू नका, वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं की रिक्षाही येत नाही. गणपतीत दीड, पाच, सात आणि दहाव्या दिवशीच्या संध्याकाळी तलावपाळीच्या आसपासच्या दवाखान्यांना सुट्टी द्या.

तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, त्या फोनमध्येही असू द्या. फोनवरची आठवण सात दिवस आधी एक आणि आदल्या रात्री 8 ला एक. अर्धा तास आधीची आठवण दादरला वाजून काय उपयोग? जो पेशंटला नेणार त्यानेच वेळ घ्यावी, हा घरातला नियम करा. नाहीतर सगळे फोन एकाच बाईच्या डोक्यावर येतात, नेतो मात्र दुसराच, आणि मग फाइल घरी राहते. फाइल माणसागणिक एक. त्यात शेवटची चिठ्ठी, चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो, विमा कार्डाची प्रत.

कॅलेंडरवर पहिली तारीख स्वतःची टाका, कारण मुलांची आणि आई-बाबांची टाकल्यावर ती उरत नाही. बायकांसाठी एवढं लक्षात असू द्या: पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची) पाळीच्या दिवसांत करत नाहीत, पाळी सुरू झाल्यापासून दहा ते वीस दिवसांतली तारीख घ्या. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात कमी दुखते, आणि त्या सकाळी काखेत पावडर किंवा डिओ लावायचा नाही, कारण त्याचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसतात. डिओची बाटली पर्समध्ये टाका आणि तपासणी झाल्यावर, लोकल पकडायच्या आधी लावा.