घरी बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करताना

प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन घरी खोलून पुन्हा बांधले असेल, तर इंजिन पेटवण्यापूर्वी चारही स्पार्क प्लग काढावेत, कॉइलची (प्लगना ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणाऱ्या भागाची) वायर सोडवावी आणि ऑइलचा दाब कमी असल्याचे दाखवणारा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत फिरवावा. ऑइल न पोचलेल्या कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवणे म्हणजे सारी मेहनत पाण्यात घालणे होय.

इंजिन पेट न घेता कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येत असेल, तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) अर्धा फेरा उलटा बसला आहे का, हे तपासावे. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. हवेचा दाब अंगठा उचलू लागल्यावर पुलीवरची खूण इंजिनवरच्या खुणेशी जुळवावी. त्या क्षणी रोटरचे (डिस्ट्रिब्यूटरमधल्या फिरत्या तुकड्याचे) तोंड पहिल्या प्लगच्या वायरकडेच हवे, आणि उरलेल्या वायरी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने १-३-४-२ या क्रमाने लागलेल्या हव्यात.

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, कॅम म्हणजे उंचवटे असलेला दांडा) आणि त्यावर टेकणारे टॅपेट नवे असल्यास इंजिन सुरू होताच त्याला आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद गतीत, सोडू नये, कारण मंद गतीत कॅमवर ऑइल पुरेसे उडत नाही. सुमारे वीस मिनिटे ते २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास ठेवावे. मात्र लाल दिवा पेटला, तर त्याच क्षणी बंद करावे.