नातवंडाला भेटू देत नाहीत? आधी हे करा

मी गोव्यात डिचोलीला पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे, म्हणजे लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोचवणारी स्वयंसेविका. आजी-आजोबा येतात, बसतात आणि पहिलंच विचारतात, “आमचा हक्क कुठल्या कायद्यात?” त्यांना खरं तेच सांगते. आजी-आजोबांच्या भेटीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्ट बघतं ते मुलाचं हित.

मुलगा वारलाय किंवा जोडपं विभक्त झालंय, तर कोर्टात तुमचं म्हणणं टिकायला जागा असते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडमध्ये आईबाप गमावलेल्या मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आईबाबांकडे दिला. वय आणि कमाई एवढ्यावरून त्यांना डावललं नाही. पण आईबाप दोघं एकत्र नांदतायत आणि दोघंही नको म्हणतायत, तर कोर्ट सहसा मध्ये पडत नाही. तिथे मध्यस्थीच करा, आणि लवकर करा. लहान मूल चेहरा विसरतं हो.

मध्यस्थीसाठी तालुका विधी सेवा समितीत (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी समिती) जा, किंवा 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन लावा. अर्ज आजीच्या नावाने करा. स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मागणी लहान आणि नेमकी ठेवा. ‘नातू आमच्याकडे पाठवा’ असं मोघम लिहू नका. एका आजीने माझ्यासमोर लिहिलं: महिन्यातून दोन रविवार, चार ते सहा, सुनेच्या घरीच, बुधवारी व्हिडिओ कॉल, चवथीला गणपतीवर माटोळी (फळाफुलांची आरास) बांधताना तासभर. हे वाचून समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. सोबत आजवर नातवाला शाळेत कोण पोचवायचं, लशीचा डोस द्यायला कोण न्यायचं याचे तारखांसकट फोटो आणि मेसेज जोडा.

शाळेच्या गेटवर जाऊन पोराला ओढू नका. ‘बागायत दुसऱ्याला देते’ अशी धमकीही नको. गोव्यात मुलांचा निम्मा वाटा कायद्यानेच राखलेला आहे, त्यामुळे ती पोकळ ठरते, आणि व्हॉट्सॲपवर गेली की समोरच्या वकिलाच्या हातात आयतं कोलीत.

कोर्टात जायचंच झालं तर अर्ज मूल नेहमी राहतं त्या जिल्ह्यात लागतो. सून त्याला घेऊन पुण्यात स्थायिक झाली असेल, तर पुण्याला. मध्यस्थीत काही ठरलं, तर वार, वेळ, जागा लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या तिथल्या तिथे घ्या.