भातशेती, गुरं आणि विमा: या चुका टाळा

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात भात कापणीला येतं आणि परतीचा पाऊसही नेमका तेव्हाच येतो. शेजाऱ्यांचे विम्याचे कागद मी भरून देतो, त्यामुळे नामंजूर दावेही माझ्याच ओसरीवर येतात.

सगळ्यांत महागात पडते ती उडवी, म्हणजे कापलेल्या भाताच्या पेंढ्यांची रास, रचायची घाई. पंतप्रधान पीक विमा योजनेत कापणीनंतरचं संरक्षण शेतात सुकत पसरलेल्या पिकाला असतं, तेही फार तर १४ दिवस. पेंढ्या बांधून रास घातली की ते संपलं. शेजारच्या काकांनी ज्योती जातीचं भात कापलं आणि तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. काकांच्या गोठ्यात चार म्हशी. "गवत कुजलं तर वर्षभर यांच्यापुढं काय टाकू रे?" म्हणत त्यांनी ओलं भात त्याच संध्याकाळी बांधून खळ्यात रचलं. मला बोलावलं पाच दिवसांनी. उडवीत हात घातला तर आत गरम वाफ, दाण्यांना पांढरे कोंब. पाहणीला आलेल्याला शेत रिकामं दिसलं. दावा गेला आणि म्हशींनी ते गवतही तोंडात घेतलं नाही.

कळवायची मुदत ७२ तास. मी पाऊस थांबताच बांधावर जातो, पीक विमा ॲपवर चारही कोपऱ्यांचे फोटो टाकतो, १४४४७ वर फोन करतो आणि मिळालेला तक्रारीचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. पाहणी होईपर्यंत पेंढीला हात लावत नाही. कापणीनंतरचं संरक्षण आपल्या पिकाला लागू आहे का, हे मात्र नोंदणीवेळीच विचारा.

दुसरी चूक वायंगणवाल्यांची, म्हणजे रब्बीचं भात लावणाऱ्यांची. सरद, म्हणजे खरिपाचं भात, कापून झाली की गावची गुरं मोकळी सुटतात. त्यांनी तुमचा तरवा (भाताची रोपं) खाल्ला तर पीक विमा एक पैसा देत नाही, मग गुरं परक्याची असोत की तुमचीच. गुरं सुटण्याआधीच शेजाऱ्यांशी बोला, पाळीपाळीनं राखण ठेवा, कुंपण नीट करा. गव्यांची गोष्ट वेगळी: रानटी जनावरांच्या नुकसानीला खरीप २०२६ पासून जादा संरक्षण देण्याचं केंद्रानं जाहीर केलंय, पण त्यासाठी राज्याची अधिसूचना बघावी लागते. ओल्या चिखलात उमटलेल्या खुरांचे फोटो काढून ठेवा.

पीक विम्यात गोठा येत नाही. गुरांचा विमा वेगळा, राष्ट्रीय पशुधन अभियानातला. २०२४ पासून त्यात शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्के. कानातला १२ आकडी बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात दुसरा मारून घ्या. जनावर मेलं तर सरकारी पशुवैद्यानं तपासल्याशिवाय पुरू नका.

कर्जदारांनाही २०२० च्या खरिपापासून पीक विमा ऐच्छिक आहे, तेव्हा बँकेनं हप्ता कापलाय का ते पासबुकात बघा.

पीक विम्याचा हप्ता सरदीला विमा रकमेच्या २ टक्के, वायंगणाला दीड. एवढ्यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत थांबून मग दुसऱ्याच्या हाती ओटीपी देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. सर्व्हे नंबर चुकतो तो तिथंच. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) समोर ठेवून अर्ज स्वतः वाचा.