पंख नव्हे, आधी अंग बघा

कढीपत्त्याभोवती काळं, पांढऱ्या-लाल ठिपक्यांचं फुलपाखरू घुटमळताना दिसलं की लगेच ‘कॉमन रोझ’ अशी नोंद करू नका. डोकं आणि पोटाच्या कडा लालभडक असतील तर रोझ. अंग काळं असेल तर ती कॉमन मॉरमॉनची मादी. रोझची अळी विषारी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची अशी मादी नुसतं रूप उचलते आणि वाचते. किती सुरेख सोंग! अंडी मात्र ती कढीपत्ता, लिंबू अशा झाडांवरच घालते.

संग्रहासाठी जाळी-टाचणी नको. पंख मिटलेला, पंख उघडलेला आणि अंगाचा जवळून असे तीन फोटो घ्या. तारीख, गाव लिहा. झाडाचं नाव तर नक्कीच, तेच हमखास राहून जातं.